आश्वासन आणि त्याची किंमत : तूवे यान्सन ह्यांच्या बालवाङ्मयाचा व प्रौढ वाङ्मयाचा अन्योन्यसंबंध

बालवाङ्मयाचा लेखक म्हणून कीर्ती पावलेल्या ग्रंथकाराने उत्तरायुष्यात प्रौढांसाठी लेखन केले, की त्याच्या वाङ्मयाचे दोन भाग पाडण्याचा मोह अभ्यासकांना आवरत नाही. पहिला भाग बालवाङ्मयाच्या इतिहासकाराकडे सोपविला जातो, दुसरा कथा-कादंबरीच्या समीक्षकाकडे. आणि दोन्ही भाग ज्या एकाच मनातून निघाले ते मन मात्र मधल्या भिंतीत चिणले जाते. फिनलंडमधील स्वीडिश भाषिक लेखिका तूवे यान्सन (१९१४-२००१) ह्यांच्या वाट्याला हेच आले. १९४५ ते १९७० ह्या पंचवीस वर्षांत त्यांनी 'मूमिन' नावाच्या कल्पित प्राण्यांच्या कुटुंबाविषयी नऊ गद्य पुस्तके लिहिली आणि त्या देशोदेशींच्या मुलांच्या लाडक्या लेखिका झाल्या. १९६६ साली बालवाङ्मयासाठी दिले जाणारे हान्स क्रिस्टियन अँडरसन पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे १९६८ पासून १९९८ पर्यंत त्यांनी प्रौढांसाठी कादंबऱ्या, कथासंग्रह व स्मृतिचित्रे मिळून सुमारे बारा पुस्तके प्रसिद्ध केली. ह्या दुसऱ्या लेखनाकडे स्वीडिश भाषेबाहेरच्या वाचकांचे लक्ष फार उशिरा गेले.

वाचकवर्ग बदलला, ही ह्या स्थित्यंतराची केवळ बाह्य खूण होय. यान्सन ह्यांच्या समग्र लेखनाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : मोठ्या माणसाने मुलाला 'भिऊ नकोस' असे म्हणावे, ते कोणत्या अधिकाराने? आरंभीची पुस्तके हे आश्वासन निःशंकपणे देतात. मधली ते हळूहळू काढून घेतात. आणि प्रौढांसाठीच्या पुस्तकांत, ते देणाऱ्याला व घेणाऱ्याला त्याची काय किंमत द्यावी लागते, ह्याचा हिशेब मांडलेला आढळतो. हा हिशेब समजून घ्यावयाचा तर दोन्ही प्रकारची पुस्तके एका बैठकीत वाचावयास हवीत.

नावांविषयी एक खुलासा येथेच करणे बरे. मूळ स्वीडिश पुस्तकांतील पात्रांची नावे इंग्रजी भाषांतरांत पुष्कळ बदलली आहेत. आपल्या वाचकांना इंग्रजी रूपे अधिक सुलभ असल्याने येथे तीच योजिली आहेत. अपवाद एकच. त्या कुटुंबातील माता 'मूमिनमामा' ह्या नावाने ओळखली जाते. हे नाव मराठीत जसेच्या तसे आणले, तर आईचा भाऊ होऊन बसेल! म्हणून प्रस्तुत लेखात तिला 'मूमिनआई' व तिच्या पतीला 'मूमिनबाबा' असे म्हटले आहे. पुस्तकांची नावेही मराठीतूनच दिली आहेत.

यान्सन ह्यांचा जन्म हेलसिंकी येथे कलावंतांच्या घरात झाला. वडील व्हिक्टर हे शिल्पकार, तर आई सिग्ने हॅमरस्टेन ह्या पुस्तकांसाठी व नियतकालिकांसाठी चित्रे काढून संसाराला हातभार लावणाऱ्या चित्रकार. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारा समाज अल्पसंख्य. त्यातून हे घराणे कलावंतांचे. म्हणजे अल्पसंख्यांतही अल्पसंख्य. स्वतः यान्सन आपणांस प्रथम चित्रकार मानीत. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्या 'गार्म' नावाच्या व्यंगचित्रप्रधान मासिकासाठी चित्रे काढू लागल्या आणि १९५३ साली ते बंद पडेपर्यंत काढीत राहिल्या. १९३८ साली त्यांनी हिटलरचे एक चित्र काढले : लंगोटातले एक रडवे मूल, आणि त्याची समजूत घालण्यासाठी पुढे केलेल्या केकच्या राशी. हट्टी मुलाची समजूत घालण्याचा हा विषय पुढे निराळ्या अर्थाने त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मूमिनकथांचा जन्म युद्धात झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत रशियाने फिनलंडवर स्वारी केली. त्या हिवाळ्यात चित्रे काढण्यात मन रमेना, म्हणून यान्सन ह्यांनी एक परीकथा लिहावयास घेतली व अर्धवट टाकून दिली. ती पुरी होऊन १९४५ साली 'मूमिन आणि महापूर' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. पांढऱ्या, वाटोळ्या, पाणघोड्यासारख्या तोंडाच्या प्राण्यांची ही कथा वरवर गमतीची आहे. पण तिचे कथानक काय? एक आई आपल्या मुलाला घेऊन थंडीपूर्वी निवारा शोधीत हिंडते आहे आणि घरातला कर्ता पुरुष बेपत्ता आहे. युद्धाच्या अखेरीस करेलियाचा प्रदेश गमवावा लागल्यामुळे सुमारे चार लाख माणसे घरदार सोडून फिनलंडच्या उरलेल्या भागात आली होती. ह्या वाचकांना ती आई ओळखण्यासाठी टीपांची गरज नव्हती. १९४६ च्या पुस्तकात आकाशातून एक धूमकेतू पृथ्वीवर येऊ घातला आहे. समुद्र आटले आहेत आणि प्राणी बोचकी घेऊन पळत आहेत. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम एक वर्ष होत होते.

अशा काळात मुलांना धीर देणे हे काम सोपे नव्हते. यान्सन ह्यांनी ते मूमिनआईवर सोपविले. तिच्या हातातील पिशवीत कोरडे मोजे, पोटदुखीवरचे चूर्ण असे सर्व काही असते. 'जादूगाराची टोपी' (१९४८) ह्या पुस्तकातील एक प्रसंग ह्या दृष्टीने मूलभूत आहे. लपाछपी खेळताना छोटा मूमिनट्रोल एका जादूच्या टोपीत लपतो आणि बाहेर येतो तो पार निराळा, कुरूप होऊन. खेळगडी त्याला ओळखीत नाहीत; उलट त्याच्यावर तुटून पडतात. शेवटी तो आईपुढे उभा राहतो. ती त्याच्या भ्यालेल्या डोळ्यांत बराच वेळ पाहते आणि हा माझाच मुलगा असे सांगते. त्याबरोबर जादू उतरते. तुझे रूप कितीही बदलले तरी तुला ओळखणारे कोणीतरी आहे, हे आश्वासन याहून नेटके देता येणार नाही. १९५० साली हे पुस्तक इंग्रजीत गेले आणि त्याने लेखिकेला जगभर पोहोचविले. १९५४ पासून लंडनच्या 'इव्हनिंग न्यूज' ह्या दैनिकात मूमिनांची चित्रमाला सुरू झाली व तेथून अनेक देशांतील वृत्तपत्रांत पसरली. पाच वर्षे ती चालविता चालविता लेखिका थकून गेल्या. १९५९ नंतर त्यांचे बंधू लार्स ह्यांनी ती १९७५ पर्यंत पुढे नेली.

कीर्तीच्या ह्याच काळात आश्वासनाला पहिला तडा गेला, आणि तो लेखिकेने बुद्ध्याच दिला. मूमिन कुटुंब हिवाळाभर झोपलेले असते. 'मूमिनभूमीतील हिवाळा' (१९५७) ह्या पुस्तकात मूमिनट्रोल एकटाच मध्यरात्री जागा होतो आणि त्याला पुन्हा झोप येत नाही. तो आईला हाक मारतो. ती उठत नाही. बाहेर सूर्य नाही, ओळखीचे कोणी नाही. जे आहेत त्यांना त्याच्या उन्हाळ्यातल्या जगाची माहितीच नाही. एक वेंधळी खार थंडीने गोठून मरते. ह्या पुस्तकातील चित्रेही काळ्या पृष्ठभागावर पांढरे ओरखडे काढून केलेली आहेत. अंधारातून उजेड खरवडून काढावा तशी. तेथे मूमिनट्रोलला टूटिकी नावाचे एक पात्र भेटते. लेखिकेच्या आयुष्याची सहचरी, चित्रकार तूलिक्की पिएतिला, ह्यांच्यावरून ते बेतलेले आहे. टूटिकीचे वैशिष्ट्य हे की ती धीर देत नाही. सर्व काही अनिश्चित आहे आणि त्यामुळेच आपले मन शांत राहते, अशी तिची वृत्ती. ती सोबत करते, पण संरक्षण करीत नाही. मूमिनआईच्या शेजारी दुसरी एक शहाणी स्त्री येथे उभी राहिली आहे आणि तिचे शहाणपण निराळ्या जातीचे आहे.

'अदृश्य मूल' (१९६२) ह्या कथासंग्रहातील शीर्षककथेकडे ह्या क्रमात विशेष लक्ष द्यावयास हवे. निनी नावाच्या एका मुलीला सांभाळणारी बाई सतत थंडपणे टोमणे मारीत असे. त्यामुळे ती मुलगी हळूहळू अदृश्य झाली आहे. टूटिकी तिला मूमिनांच्या घरी आणते. तिच्या गळ्यात एक घुंगरू आहे, त्यावरून ती कोठे आहे एवढे कळते. मूमिनआई आजीच्या वहीतील औषधे करते, तिच्यासाठी गुलाबी झगा शिवते. आधी पावले दिसू लागतात, मग पाय. पण चेहरा काही दिसत नाही. येथपर्यंत कथा अपेक्षित वळणाने जाते. मायेने मूल सुधारते असा सुबोध निष्कर्ष निघावा, अशी सर्व सिद्धता आहे. पण चेहरा दिसतो तो मायेने नव्हे. मूमिनबाबा थट्टेने मूमिनआईला धक्क्यावरून पाण्यात ढकलण्याचा आव आणतात, तेव्हा निनी संतापून त्यांच्या शेपटीचा कडकडून चावा घेते, आणि त्याच क्षणी तिचा चेहरा प्रकट होतो! प्रेम हे आवश्यक खरे, पण पुरेसे नव्हे. मुलाला राग येता आला पाहिजे. बालवाङ्मयात हा विचार इतक्या हसतखेळत मांडलेला मला अन्यत्र आढळलेला नाही.

ह्यानंतरची पायरी म्हणजे 'मूमिनबाबा आणि समुद्र' (१९६५). माझ्या मते हे यान्सन ह्यांचे सर्वांत मोठे पुस्तक. बालांसाठीचे व प्रौढांसाठीचे दोन्ही धरून. आपली कोणाला गरज उरलेली नाही, ह्या जाणिवेने बेचैन झालेले मूमिनबाबा कुटुंबाला घेऊन दूरच्या एका ओसाड बेटावर, दीपगृहात राहावयास जातात. तेथे आपण दिवा लावू व सर्वांचे रक्षण करू, असा त्यांचा मनोदय. पण दिवा काही केल्या पेटत नाही. मूमिनआईला तेथे करण्याजोगे काहीच नाही. तिने लावलेली रोपे समुद्र वाहून नेतो. मग ती दीपगृहाच्या भिंतीवर आपली सोडून आलेली बाग रंगवू लागते. एके दिवशी, इतर जण घरी येण्याच्या सुमारास, ती त्या रंगविलेल्या बागेत शिरते आणि एका झाडाच्या बुंध्याआड उभी राहते. घरचे तिला शोधतात, हाका मारतात. ती तेथून पाहते आणि ओ देत नाही. सतरा वर्षांपूर्वी जिने बदललेल्या मुलाला एका दृष्टिक्षेपात ओळखले, तीच आई आता कोणाला सापडू इच्छीत नाही. सदैव धीर देणाऱ्या व्यक्तीलाही कोठेतरी लपावेसे वाटते, हे मुलांच्या पुस्तकात सांगण्यास धैर्य लागते.

आणि मुलाचे काय? मूमिनट्रोल रोज रात्री कंदील घेऊन किनाऱ्यावर जातो. 'ग्रोक' नावाचा एक थंडगार, एकाकी प्राणी, जो बसेल तेथील जमीन गोठून जाते आणि ज्याला सर्व जण भितात, तो दिव्याच्या ओढीने बेटापर्यंत आला आहे. एके दिवशी रॉकेल संपते. मूमिनट्रोल दिव्यावाचूनच जातो, आणि तो नुसता आला ह्याच आनंदाने ग्रोक नाचू लागते. त्या रात्री तिच्या पायाखालची वाळू गोठत नाही. ज्या मुलाला आजवर आश्वासन मिळत होते ते मूल येथे ते देणारे झाले आहे, तेही हातात काही नसताना, आणि ज्याची स्वतःला भीती वाटत होती त्याला.

हे पुस्तक मुळी बालवाङ्मय नव्हेच, असे मत काही समीक्षकांनी मांडले आहे. ते मला मान्य नाही. ह्या पुस्तकात भावनेचे विवरण जवळजवळ नाही. कोणी दुःखी आहे असे सांगितलेले नाही. कोणी भिंत रंगविते, कोणी कंदील उचलतो, कोणी दिव्याची वात खटपटीने पेटवू पाहतो. सर्व आशय कृतीत आणि वस्तूत उतरलेला आहे. आठ वर्षांच्या मुलाला तो जेथपर्यंत पोहोचेल तेथपर्यंत पोहोचतो. उरलेला मोठेपणी त्याच पानावर त्याची वाट पाहत असतो. हीच लेखनपद्धती यान्सन ह्यांनी पुढे प्रौढ वाङ्मयात जशीच्या तशी नेली, आणि म्हणूनच शैलीच्या पुराव्यावर दोन कालखंडांची भिंत उभी राहत नाही.

शेवटच्या मूमिनपुस्तकात, 'नोव्हेंबरअखेर' (१९७०) मध्ये, मूमिन कुटुंब नाहीच. निरनिराळ्या स्वभावाची सहा जणे धीराच्या शोधात त्या घरी येतात, तर घर रिकामे. टॉफ्ट नावाचे एक पोरके मूल मूमिनआईची एक निर्दोष मूर्ती मनाशी घडवून बसले आहे. त्याला ती मोडावी लागते. आई थकते, चिडते, एकटीच रानात निघून जाते, हे कळल्यावरच तो तिची खऱ्या अर्थाने वाट पाहू लागतो. अखेरीस क्षितिजावर होडीचा दिवा दिसतो आणि टॉफ्ट धक्क्याकडे निघतो. पुस्तक तेथेच थांबते. ह्याच वर्षी लेखिकेच्या मातोश्री निवर्तल्या. ह्या योगावरून फार काही सिद्ध करू नये. कारण आईला बागेत लपविण्याचे धाडस त्यांनी मातोश्री हयात असतानाच केले होते.

प्रौढांसाठीच्या लेखनाचा आरंभ 'शिल्पकाराची मुलगी' (१९६८) ह्या बालपणीच्या आठवणींनी झाला. त्यानंतरच्या 'ऐकणारी' (१९७१) ह्या कथासंग्रहातील शीर्षककथा स्मरणशक्ती गमावू लागलेल्या एका वृद्धेची आहे. आयुष्यभर तिने सर्वांचे ऐकून घेतले, सर्वांना पत्रे लिहिली. म्हणजे कुटुंबाची ती मूमिनआईच. आता ती आप्तेष्टांच्या परस्परसंबंधांचा एक मोठा नकाशा काढू लागते, आणि तिने जपलेली गुपिते त्यावर रेघा होऊन उमटतात.

पण ह्या काळातील सर्वांत लोकप्रिय पुस्तक 'उन्हाळ्याचे पुस्तक' (१९७२). फिनलंडच्या आखातातील एका चिमुकल्या बेटावर एक म्हातारी आजी आणि तिची सोफिया नावाची नात. मातोश्री आणि भाऊ लार्स ह्यांची मुलगी ह्या दोघींवरून ही पात्रे सुचली. मुलीची आई वारली आहे. ही गोष्ट सर्व पुस्तकात एकाच वाक्यात, जाता जाता येते आणि पुन्हा तिचा उल्लेख नाही. वडील घरात आहेत, पण पाठमोरे, टेबलाशी काम करीत. आजी खोटे बोलते, चोरून सिगारेट ओढते, वैतागते. पहिल्याच प्रकरणात ती फुलझाडांत पडलेली आपली कवळी शोधीत असते आणि नात तिला, तू कधी मरणार, असे विचारते. आजी ह्याचे उत्तर टाळीत नाही व त्यावर प्रवचनही करीत नाही. पुढे सोफियाच्या फावड्याने एक गांडूळ तुटते. ती हादरून जाते आणि तुटलेल्या गांडुळांविषयी एक प्रबंध आजीला सांगून लिहून घेते. आजी मुकाट्याने लिहीत राहते. मूमिनआईने येथे मायेचे एखादे पेय पाजले असते. आजी लेखणी घेते. आश्वासनाची जागा साहचर्याने घेतली आहे. १९५७ सालच्या टूटिकीचे शहाणपण येथे पूर्णत्वास गेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या निरूपणाला उलटे टांगणारे एक पुस्तक मात्र आहे, आणि तेच मला सर्वांत अस्वस्थ करते. 'प्रामाणिक फसवी' (१९८२) ही एका बर्फाच्छादित खेड्यातील कादंबरी. अ‍ॅना एमेलिन ही वृद्ध चित्रकार मुलांची लाडकी आहे. ती अरण्यातली जमीन, तिच्यावरचे शेवाळे, मुळे व पाने विलक्षण सत्यतेने रंगविते, आणि त्यावर एक सशांचे कुटुंब काढते. ह्या सशांच्या अंगावर फुले आहेत. ती का आहेत, असे शेकडो मुले तिला पत्राने विचारतात, आणि ती प्रत्येकाला लाघवी, गोलमाल उत्तरे लिहीत बसते. तिच्या घरात कात्री क्लिंग नावाची एक तरुणी हेतुपुरस्सर शिरते. कात्रीला आकडे कळतात आणि शिष्टाचाराचे खोटे बोलणे सहन होत नाही. शिवाय आपल्या धाकट्या भावासाठी होडी बांधून घेण्यापुरता पैसा तिला हवा आहे. ती अ‍ॅनाचे हिशेब तपासते, तिला कोण कोण लुबाडीत होते ते दाखविते, आणि मुलांच्या पत्रांची उत्तरेही स्वतःच तयार करू लागते. नेमकी, तुटक, पण खोटी नव्हेत. अ‍ॅनाचा माणसांवरचा विश्वास उडून जातो. मग तो परत मिळवून देण्यासाठी सत्यवादी कात्रीला आयुष्यातले पहिले मोठे असत्य बोलावे लागते. हिवाळा संपतो, अ‍ॅना रंगपेटी घेऊन अरण्यात जाते आणि केवळ जमीन रंगविते. ससे पुन्हा येत नाहीत.

ह्या दोघींपैकी फसवी कोणती, ह्याचे उत्तर कादंबरी देत नाही. अ‍ॅना म्हणजे लेखिका, असे समीकरण मांडून मोकळे होणे सोपे आहे; परंतु कात्रीचा निष्ठुर काटेकोरपणाही लेखिकेचाच आहे. मुलांना प्रिय व्हावयाचे असेल तर सशांवर फुले काढावी लागतात काय? आणि ती काढणे ही माया, की सवय, की व्यापार? मूमिनांच्या बाहुल्या, चहाचे पेले व रुमाल ज्या काळात दुकानोदुकानी जाऊ लागले होते, त्या काळात त्यांच्या निर्मातीने हे प्रश्न विचारले आहेत. पहिल्या कालखंडावरचा सर्वांत कठोर अभिप्राय दुसऱ्या कालखंडाने दिला आहे. म्हणून केवळ बालवाङ्मयाचा अभ्यासकही ही कादंबरी वगळू शकत नाही. दुर्दैवाने टॉमस टील ह्यांचे तिचे इंग्रजी भाषांतर २००९ साली, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाले. इंग्रजीतून यान्सन वाचणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना तोपर्यंत केवळ ससेच दिसत होते.

'सरळ डाव' (१९८९) ह्या पुस्तकाचा उल्लेख येथे थोडक्यात करावयास हवा. एकाच इमारतीच्या दोन टोकांना आपापल्या चित्रशाळांत राहणाऱ्या, माळ्यावरच्या वाटेने एकमेकींकडे येजा करणाऱ्या मारी व योना ह्या दोन वृद्ध कलावंत स्त्रियांचे सहजीवन त्यात आहे. स्त्रियांच्या अशा संबंधांना फिनलंडच्या कायद्याने १९७१ पर्यंत गुन्हा ठरविले होते. पण पुस्तकात त्याविषयी तक्रार नाही. एकमेकींच्या कामात अडथळा न होता प्रेम कसे करावे, एवढाच त्याचा विषय.

यान्सन ह्यांना आलेल्या पत्रांविषयी शेवटी लिहिणे अगत्याचे आहे, कारण आश्वासनाचा प्रश्न त्यांच्या टेबलावर रोज टपालाने येत असे. मुलांची हजारो पत्रे त्यांना येत, आणि शक्य तितक्यांना त्या स्वतः उत्तरे लिहीत. त्यांच्या अखेरच्या संग्रहात (१९९८) 'निरोप' नावाची एक लहानशी कथा आहे. तीत निवेदन नाही, वर्णन नाही. केवळ आलेल्या पत्रांचे आणि चिठ्ठ्यांचे तुकडे एकापुढे एक ठेवले आहेत. कोणी मूल काही विचारते, कोणी व्यापारी मूमिनांची चित्रे आपल्या मालावर छापण्याची अनुज्ञा मागतो, कोणी अनोळखी माणूस आपले दुःख कळवितो, कोणी धमकावतो. अ‍ॅना एमेलिनने ह्या प्रत्येकाला काही गोड लिहिले असते, कात्रीने काही अचूक. यान्सन ह्यांनी कथेत एकही उत्तर दिलेले नाही.